जुन्या आय-५ पीसीसाठी १५ हजारांत कोणतं ग्राफिक्स कार्ड घ्यावं?

तुमची माहिती आधी एकत्र मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. प्रोसेसर आय-५ ४५७०, एच८१ चिपसेटचा (बोर्डावरचे स्लॉट आणि जोडण्या सांभाळणारी चिप) मदरबोर्ड, ८ जीबीची एकच डीडीआर३ रॅम, जीटीएक्स ७५० टीआय हे २ जीबीचं कार्ड, ४५० वॅट लिहिलेला लोकल पॉवर सप्लाय आणि १०८०पी मॉनिटर. खेळायचंय जीटीए ५, व्हॅलोरंट आणि जमले तर थोडे नवे गेम. दुकानदार आरएक्स ६५०० एक्सटी सुचवतोय, कारण ते नवं कोरं मिळतं आणि बजेटमध्ये बसतं.

माझं उत्तर असं: सेकंडहँड जीटीएक्स १६६० सुपर घ्या आणि उरलेल्या पैशांत चांगला पॉवर सप्लाय आणि रॅमची दुसरी स्टिक बसवा. पॉवर सप्लायला हात लावायचा नसेल किंवा सेकंडहँड नकोच असेल, तर आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीचं मॉडेल बघा. ६५०० एक्सटी मात्र तुमच्या बोर्डावर अजिबात बसवू नका.

असं का म्हणतो ते जरा सविस्तर सांगतो, कारण जुन्या पीसीसाठी कार्ड घेताना हीच गोष्ट कुणी विचारत नाही. कार्ड ज्या लांब स्लॉटमध्ये बसतं तो पीसीआय एक्सप्रेस स्लॉट. त्याचा वेग दोन गोष्टींवर ठरतो: तो कितव्या पिढीचा आहे (२.०, ३.०, ४.०) आणि कार्ड त्यातल्या किती लेन, म्हणजे डेटा जाण्याच्या वाटा, वापरतं. पिढी एकाने वाढली की प्रत्येक लेनचा वेग साधारण दुप्पट होतो. तुमचा प्रोसेसर २०१३ चा, चौथ्या पिढीचा. तो स्वतः पीसीआय एक्सप्रेस ३.० बोलू शकतो, पण इंटेलने एच८१ हा सगळ्यांत स्वस्त चिपसेट ठेवताना ग्राफिक्सचा स्लॉट २.० वरच अडवला. हाच प्रोसेसर बी८५, एच८७ किंवा झेड८७ च्या बोर्डावर असता तर ३.० मिळालं असतं. ही गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही, कारण तिथे नवीन बोर्डाचा हिशोब डोक्यात असतो.

आता ६५०० एक्सटी बघा. जानेवारी २०२२ मध्ये आलेलं हे कार्ड दिसायला पूर्ण लांबीचं बसतं, पण आत फक्त ४ लेन जोडलेल्या आहेत. पीसीआय एक्सप्रेस ४.० च्या स्लॉटमध्ये त्या ४ लेनमधून सेकंदाला जवळपास ८ जीबी डेटा जातो. तुमच्या २.० च्या स्लॉटमध्ये तोच आकडा २ जीबीवर येतो, म्हणजे पावपट. त्यात कार्डाची स्वतःची मेमरी ४ जीबी. आजच्या गेममध्ये टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागाची चित्रं) थोडे वर ठेवले की ४ जीबी भरते आणि उरलेला डेटा पीसीच्या रॅममधून, त्याच २ जीबीच्या वाटेने, ये-जा करू लागतो. अशा वेळी सरासरी फ्रेम रेट कधीकधी बरा दिसतो, पण गाडी वळवताना किंवा समोर शत्रू आल्यावर नेमका गेम अडखळतो. शिवाय या कार्डात व्हिडिओ रेकॉर्डिंगसाठी लागणारा हार्डवेअर एन्कोडरच नाही. म्हणजे उद्या गेमप्ले रेकॉर्ड करायचा म्हटलं तर सगळा भार त्या बिचाऱ्या चार कोअरच्या प्रोसेसरवर. आरएक्स ६४०० ची रचनाही अशीच आहे, ते कुणी सुचवलं तरी नको म्हणा.

१६६० सुपर ऑक्टोबर २०१९ चं आहे. वयाने मोठं, पण ते पूर्ण १६ लेन वापरतं. तुमच्या २.० स्लॉटमध्येही त्याला सेकंदाला ८ जीबीचा रस्ता मिळतो, म्हणजे ६५०० एक्सटीला नव्या बोर्डावर मिळतो तेवढाच. मेमरी ६ जीबी जीडीडीआर६, त्यामुळे ती सहजासहजी भरत नाही. १०८०पी वर जीटीए ५ वरच्या सेटिंगवर आरामात चालेल. एन्कोडरही चांगला आहे. एक मर्यादा मात्र आधीच लक्षात घ्या: यात रे ट्रेसिंगचं (प्रकाश आणि सावल्या खऱ्यासारख्या मोजण्याचं) हार्डवेअर नाही, आणि ‘डूम: द डार्क एजेस’सारखे काही नवे गेम त्याशिवाय सुरूच होत नाहीत. पण त्या वर्गातल्या गेमना तुमचा प्रोसेसरही पुरणार नाही, म्हणून इथे त्याचं दुःख करू नका.

३०५० चं ६ जीबी मॉडेल फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. वेगात ते १६६० सुपरच्या थोडं मागे आहे आणि ८ लेन वापरतं, म्हणजे तुमच्याकडे ४ जीबीचा रस्ता. तरी त्याची मोठी सोय अशी की ते फक्त ७० वॅट घेतं. स्लॉट स्वतः ७५ वॅटपर्यंत देतो, त्यामुळे बहुतेक मॉडेलना वेगळी पॉवर केबल लागत नाही. डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून फ्रेम रेट वाढवणारी एनव्हिडियाची सोय) मिळतं आणि नव्या कार्डाची वॉरंटीही. फक्त पेटीवर नीट वाचा. ३०५० नावाचं ८ जीबीचं कार्डही आहे, ते १३० वॅटचं आणि ताकदीने वरचं. दोन्हींना दुकानात नुसतं ‘३०५०’ म्हणतात, आणि भाव एकाचा सांगून हातात दुसरं पडू शकतं.

आता पॉवर सप्लाय. ‘४५० वॅट’ या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बाजूचं स्टिकर वाचा आणि १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा. १८ अँपिअर असतील तर १२ गुणिले १८, म्हणजे २१६ वॅट. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही मुख्यतः याच १२ व्होल्टवर जगतात. तुमचा प्रोसेसर ८४ वॅटचा, १६६० सुपर १२५ वॅटचं, दोघांतच २०९ झाले. बोर्ड, पंखे, हार्ड डिस्क वेगळी. एवढ्या काठोकाठ भरलेल्या सप्लायवर गेम खेळताना पीसी बंद पडणं ही त्यातली बरी शक्यता. वाईट शक्यता म्हणजे जाताना तो बोर्डही घेऊन जातो. १२ व्होल्टवर ३० अँपिअरच्या पुढे देणारा, ८० प्लस (कार्यक्षमतेच्या) प्रमाणपत्राचा, नामांकित कंपनीचा सप्लाय नवाच घ्या. आणि कार्डाला वीज देणारी ८ पिनची केबल नाही म्हणून हार्ड डिस्कच्या मोलेक्स वायरला कन्व्हर्टर जोडून देतो असं कुणी म्हणालं, तर तिथून उठा. तापलेले, वितळलेले कनेक्टर मी याच जुगाडात पाहिलेत.

बाकीच्या नावांबद्दल थोडक्यात. १०५० टीआय आता घेऊ नका. एनव्हिडियाने त्या पिढीसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर थांबवले, फक्त सुरक्षेचे अपडेट राहिलेत. आरएक्स ५८० स्वस्त मिळतं, १६ लेनही आहेत, पण ते १८५ वॅट खातं, आणि त्याच नावाने ‘२०४८एसपी’ हे कमी कोअरचं मॉडेल बाजारात फिरतं. इंटेलची आर्क कार्डं रिसायझेबल बारशिवाय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लंगडी पडतात आणि तुमच्या बोर्डावर ती सोय नाही. आरएक्स ६६०० हे मला मनापासून आवडणारं कार्ड, ८ जीबी आणि १३२ वॅट, पण ते ८ लेनचं आहे आणि त्याची खरी ताकद तुमचा प्रोसेसर बाहेर काढू देणार नाही. वर्ष-दोन वर्षांत बोर्ड-प्रोसेसर बदलायचं नक्की असेल आणि सेकंडहँड हाती लागलं, तरच ते घ्या.

सेकंडहँड घेताना कार्ड चालू पीसीत बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, मग विकणारा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा असो की ओळखीतला. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टोचलनाचं मायनिंग (ग्राफिक्स कार्डं राबवून ते चलन कमावणं) बंद झालं तेव्हा मायनिंगमधली खूप कार्डं बाजारात आली, त्यात १६६० सुपर भरपूर होती. मायनिंगचं कार्ड म्हणजे वाईटच असं मी म्हणणार नाही; चिप टिकते, पण पंखे आणि मेमरी भरपूर राबलेली असते. म्हणून पंखे हाताने फिरवून बघा, खरखर ऐका. कार्डाची माहिती दाखवणारं जीपीयू-झेड हे सॉफ्टवेअर उघडून १४०८ शेडर (कार्डाचे छोटे कोअर) आणि ६ जीबी दिसतायत का ते तपासा. खोटं बायोस (कार्डाची ओळख सांगणारं आतलं सॉफ्टवेअर) टाकलेली कार्डं यातच उघडी पडतात. मग फरमार्क ही कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी १५-२० मिनिटं चालवा. पडद्यावर ठिपके, रंगीत रेघा किंवा तापमान चढतच जाताना दिसलं तर नमस्कार करून निघा. काही कंपन्या सीरियल नंबरवर वॉरंटी देतात, बिल असेल तर ते मागून घ्याच.

रॅमचं मी सुरुवातीलाच म्हणालो, कारण एकट्या स्टिकवर तुमचा प्रोसेसर अर्ध्या बँडविड्थवर चालतोय. दुसरी ८ जीबीची १६०० वेगाची डीडीआर३ स्टिक टाकली की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही स्टिकमधून एकाच वेळी डेटा वाहणं, सुरू होईल. एच८१ ला स्लॉट दोनच आणि मर्यादा १६ जीबी, त्यामुळे तिथे काम संपलं. व्हॅलोरंटमध्ये तुम्हाला फरक कार्डापेक्षा याने जास्त जाणवेल. तो गेम प्रोसेसर-रॅमवर जास्त चालतो. पुढे कधी स्वस्तात आय-७ ४७७० मिळाला तर याच सॉकेटमध्ये बसतो, ४ कोअरचे ८ थ्रेड होतात आणि अडखळणं बरंच कमी होतं. त्याआधी बोर्डाच्या कंपनीच्या साइटवर प्रोसेसरची यादी बघून घ्या.

कार्ड आणण्याआधी टेप घेऊन कॅबिनेटमध्ये मागच्या पट्टीपासून हार्ड डिस्कच्या खणापर्यंतची लांबी मोजा; दोन पंख्यांची मॉडेल छोट्या कॅबिनेटमध्ये बसतात, तीन पंख्यांची बहुधा अडतात. मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा अॅक्टिव्ह कन्व्हर्टर लागेल, कारण या कार्डांवर व्हीजीए नाही. जुने ड्रायव्हर काढून नवे टाका, मॉनिटरची केबल बोर्डाला नाही तर कार्डाला लावा, आणि जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेसच्या ओळीत गेम चालू असताना १६६० सुपरला ‘x१६ २.०’ (३०५० असेल तर ‘x८ २.०’) दिसतंय का ते बघा. त्याहून कमी दिसलं तर कार्ड काढून पुन्हा नीट दाबून बसवा.