कार्ड विकू नका, आधी प्रोसेसर तपासा

तुमची तक्रार थोडक्यात अशी: इंटेलचा १४व्या पिढीचा प्रोसेसर कोअर आय९ १४९००के, ६४ जीबी डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड, यंत्र मार्च २०२४ मध्ये जोडलेलं. नवा गेम उघडला की शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होता होता ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ म्हणत बंद पडतो. क्रोमचे टॅब अधूनमधून मरतात. मोठी झिप फाइल उघडताना सीआरसी एरर (डेटा जुळत नसल्याची) येते. दुकानदाराने तीनदा विंडोज मारून दिलं, तुम्ही नवा पॉवर सप्लाय घेतलात, आणि आता कार्ड विकायला काढलंय.

थांबा. २४ जीबी मेमरीचं कार्ड मेमरी संपल्याचं सांगतंय, इथेच पाणी मुरतंय. शेडर तयार करणं, गेमचा दाबून भरलेला डेटा सोडवणं ही कामं प्रोसेसर करतो, कार्ड नाही. तिथे एखादा आकडा चुकला की पुढची मागणी फसते, आणि फसलेल्या मागणीसाठी गेममध्ये जो संदेश लिहून ठेवलाय तो पडद्यावर येतो. चूक जिथे पकडली गेली तिथला तो संदेश आहे. एनव्हिडियाने २०२४ च्या एप्रिलमध्येच हा एरर येणाऱ्या इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या प्रोसेसरच्या ग्राहकांना इंटेलकडे जायला सांगितलं होतं. गेममधला डेटा सोडवणारी ऊडल ही लायब्ररी बनवणाऱ्यांनीही हेच लिहून ठेवलंय.

विंडोजच्या नोंदवहीतल्या, म्हणजे इव्हेंट व्ह्यूअरमधल्या, ‘कर्नल-पॉवर ४१’ वरून तुम्ही पॉवर सप्लाय बदललात. ती नोंद म्हणजे नुसता पंचनामा: यंत्र नीट बंद न होता गेलं, एवढंच ती सांगते. मारलं कोणी ते तिला माहीत नसतं. पॉवर सप्लाय दोषी असला तर बहुतेक वेळा लोड वाढताच पडदा काळा होऊन सगळं यंत्रच जातं. तुमच्याकडे गेम मरतो आणि मागे गाणं चालू राहतं. कार्डाच्या बारा व्होल्टच्या केबलचा जोड पूर्ण आत बसलाय ना, तेवढं एकदा बघा आणि पुढे चला.

त्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हीआ-लॉगर’ (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांच्या नोंदी) शोधा. तिथे प्रोसेसर कोअरच्या नावाने १८ किंवा १९ नंबरच्या नोंदी असतील तर प्रत्येकीतला एपीआयसी आयडी (कोअर ओळखायचा नंबर) कागदावर लिहा. पुन्हा पुन्हा तोच आयडी येत असेल तर एक विशिष्ट कोअर गडबडतोय. नोंदी नसल्या म्हणून प्रोसेसर सुटला असं मात्र नाही.

आता खरी चाचणी, आणि ती फुकट आहे. वीसेक जीबीचं एखादं फोल्डर सेव्हन-झिपने एकाच फाइलमध्ये बांधा. मग त्याच फाइलवर ‘टेस्ट’ सलग पाच वेळा चालवा. फाइलच खराब बांधली गेली असेल तर पाचही वेळा त्याच ठिकाणी एरर येईल. पण दोनदा पास, एकदा फेल, पुन्हा पास असं झालं, किंवा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी अडलं, तर फाइल ठीक आहे आणि हिशोब करणारा चुकतोय. हिशोबात दोघं असतात: रॅम आणि प्रोसेसर.

आधी रॅम बाजूला काढू. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये, एक्सएमपी (रॅम जास्त वेगाने चालवणारी सेटिंग) बंद करा आणि तीच चाचणी पुन्हा. तुमच्या ६४ जीबीच्या चार स्टिक असतील तर दोनच ठेवा. चार स्टिकवर या प्रोसेसरचा अधिकृत वेग बराच खाली येतो, खोक्यावरचा ६००० चा आकडा तिथे नशिबाचा भाग आहे. रात्री रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ चे चारही पास लावून झोपा. सकाळी एकही एरर नसेल आणि एक्सएमपी बंद असूनही झिप अडखळत असेल, तर संशय प्रोसेसरवर पक्का.

शेवटचा पुरावा: बायोसमध्ये परफॉर्मन्स कोअर रेशो सगळ्या कोअरसाठी ५३ करा, म्हणजे कमाल ५.३ गिगाहर्ट्झ. लगेच पाचपैकी पाच पास आणि गेमही सुरळीत? मग प्रोसेसरच. पण हे औषध समजून वर्षभर तसेच राहू नका.

‘सिनेबेंच अर्धा तास चाललं, मग प्रोसेसर खराब कसा?’ असं तुम्ही विचाराल, सगळेच विचारतात. हे बेंचमार्क सगळे कोअर एकदम ताणून बघतं. सगळे कोअर एकदम राबतात तेव्हा वीज आणि तापमानाच्या मर्यादेमुळे वेग खाली येतो. एक-दोन कोअर ६ गिगाहर्ट्झकडे झेपावतात, व्होल्टेज सर्वात जास्त मागितलं जातं, ते हलक्या कामात. म्हणून ब्राउझर मरतो आणि बेंचमार्क पास होतो. इंटेलचं स्वतःचं तपासणी साधन पास म्हणालं तरी निर्धास्त होऊ नका.

मूळ दोष काय, तेही सांगतो. १३व्या-१४व्या पिढीच्या ६५ वॅट आणि त्यावरच्या डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतला छोटा प्रोग्रॅम) गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. त्यात कित्येक मदरबोर्ड मूळच्या २५३ वॅटच्या जागी ४०९६ वॅट लिहून मोकळे, म्हणजे मर्यादाच नाही. जास्त व्होल्टेज आणि उष्णतेने कोअरमधला घड्याळाचा संकेत पोचवणारा भाग झिजतो, आणि आधी जेवढ्या व्होल्टेजवर तो वेग जमायचा तेवढ्यावर जमेनासा होतो. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९, सप्टेंबरमध्ये ०एक्स१२बी आणि मे २०२५ मध्ये ०एक्स१२एफ असे दुरुस्त मायक्रोकोड बायोसच्या अपडेटमधून दिले. ते चांगल्या प्रोसेसरला वाचवतात, झिजलेल्याला बरं करत नाहीत. तुमचा बायोस खरेदीपासून तसाच आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे तुमच्या प्रोसेसरने निदान पहिले पाच महिने यातल्या एकाही दुरुस्तीशिवाय काढले.

तरीही बायोस अद्ययावत कराच, बदलून आलेल्या प्रोसेसरसाठी तो लागणारच आहे. पण आधी बिटलॉकरची (विंडोजमधलं ड्राइव्हचं कुलूप) रिकव्हरी की फोनवर किंवा कागदावर उतरवून घ्या. नाहीतर बायोस बदलल्यावर विंडोज ती मागेल आणि ती त्याच बंद ड्राइव्हवर असेल. यूपीएस लावा, दुपारी वीज जाण्याच्या वेळेला हे काम काढू नका. नंतर ‘इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज’ निवडा. पहिल्यांदा चालू होताना पडदा काही मिनिटं काळा राहील. डीडीआर५ रॅमचं ट्रेनिंग, म्हणजे जुळवाजुळव, चालू असतं, घाबरून बटण दाबू नका.

आणि हे सगळं एका वेळी एकच. हे मी पैसे मोजून शिकलोय. माझ्या आधीच्या यंत्रात असाच त्रास होता. एका संध्याकाळी मी बायोसही बदलला आणि नवी रॅमही बसवली. त्रास थांबला. जुनी रॅम खराब असं ठरवून ऑफिसातल्या एकाला ‘चालली तर चालली’ म्हणून निम्म्याहून कमी किमतीत दिली. त्याच्याकडे ती पूर्ण वेगाने चालतेय, एकदाही कुरकुर नाही. पुढे गंमत म्हणून दोन दिवसांसाठी मागून आणून माझ्या यंत्रात लावली, तर तिथेही चालली! दुरुस्ती बायोसने केली होती. अजूनही चहाच्या वेळी तो माझ्या रॅमची खुशाली सांगतो.

वॉरंटीचं: इंटेलने या प्रोसेसरांची मुदत दोन वर्षं वाढवली आहे, खोक्यातल्या प्रोसेसरसाठी एकूण पाच. दुकानदार ‘तीन वर्षंच आहे’ म्हणाला तरी मान डोलावून थेट कंपनीकडे अर्ज करा. बिल आणि खोक्यावरच्या लेबलचा फोटो जवळ ठेवा, त्यावर बॅच नंबर आणि सीरियल नंबर असतात. खोकं फेकलं असेल तर कूलर काढाल तेव्हा पेस्ट पुसून प्रोसेसरच्या झाकणाचा फोटो घ्या, बॅच नंबर तिथेही कोरलेला असतो. यंत्र दुकानातून तयार घेतलं असेल किंवा प्रोसेसर सुटा, बिनखोक्याचा असेल तर मात्र विकणाऱ्याकडेच जावं लागेल. त्याला ‘हँग होतं’ असं सांगू नका, ते ऐकलं की तो चौथ्यांदा विंडोज मारेल. झिपच्या पास-फेलचा कागद, व्हीआच्या नोंदी, मेमटेस्टचा निकाल आणि रेशो ५३ वर त्रास थांबल्याचं, एवढं समोर ठेवा.

पाच टेस्टचे निकाल एक्सएमपी चालू असताना आणि बंद असताना असे दोन्ही लिहून कळवा, मग पुढचं बघू. कार्डाची जाहिरात तेवढी आजच काढून टाका.