दार उघडलं तर काय होईल?

आगीचा त्रिकोण तोंडपाठ आहे, तरी अग्निशमनाच्या प्रात्यक्षिकात प्रशिक्षकांनी ‘हे दार उघडलंस तर काय होईल?’ विचारलं की बोबडी वळते, असं तुम्ही लिहिलंय. वळणारच. त्रिकोणाच्या तीन बाजू, इंधन, उष्णता, ऑक्सिजन, यांवरून आग का लागली ते कळतं. पुढच्या दोन मिनिटांत ती काय करेल ते कळत नाही. (साखळी अभिक्रिया, म्हणजे ज्वाळेत एका अभिक्रियेतून पुढची सुरू होत राहणं, ही चौथी बाजू लेखी परीक्षेत मात्र विसरू नका. आग विझवायची ड्राय पावडर मुख्यतः तिच्यावरच घाव घालते.)

आधी एक करून बघा. मेणबत्ती चार-पाच मिनिटं जळू द्या आणि हळूच विझवा. वातीतून पांढुरकी रेघ वर जाईल. पेटती काडी वातीला न लावता बोटभर वर, त्या रेघेत धरा. ज्योत टुणकन खाली येते आणि वात पुन्हा पेटते. ती रेघ म्हणजे मेणाची वाफ. गादी, सोफा, लाकडी कपाट यांचंही तसंच: तापल्यावर त्यांतून वायू सुटतात आणि ज्वाळा त्या वायूंची असते. याला पायरोलिसिस म्हणतात. निखारा मात्र वेगळा, तो पृष्ठभागावरच धुमसतो.

आता खोलीभर धूर डोळ्यांसमोर आणा. ते न जळलेलं इंधन आहे, छताला टांगलेलं. बंद खोलीत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १५-१६ च्या खाली आला की ज्वाळा मंदावतात, आणि नवखा म्हणतो, ‘विझत आलीय.’ उष्णता तिथेच आहे, वायूही तिथेच. कमी आहे ती फक्त हवा, आणि ती तुम्ही दार उघडून देणार आहात.

अशी हवा मिळताच साचलेले वायू स्फोटासारखे पेटतात, तो बॅकड्राफ्ट. त्याच्या खुणा: ज्वाळा दिसत नाहीत, काचा आतून काजळलेल्या, फटीतला धूर बाहेर येतो आणि परत आत ओढला जातो, जणू खोली श्वास घेतेय. पण माझं मत विचाराल तर बॅकड्राफ्टची भीती जरा जास्तच घातली जाते. त्याहून जास्त वेळा घडतं ते असं: दार उघडलं, हवा गेली, स्फोटबिट काही नाही, आणि मिनिट-दोन मिनिटांत आग भडकून फ्लॅशओव्हर. छताखालचा थर साधारण ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला पोचला की त्याची धग खाली पडते आणि खोलीतल्या सगळ्या वस्तू जवळपास एकदम पेट घेतात. जमिनीवरचा गालिचा ज्वाळेला न शिवता धुमसू लागला, धुराचा तळ भराभर खाली यायला लागला, धुरात ज्वाळेच्या जिभा पळायला लागल्या, तर तिथे थांबायचं नाही, लगेच बाहेर पडायचं. पूर्ण पोशाखातही तिथे काही सेकंदच मिळतात.

सरावासाठी आग लावलेल्या कंटेनरमधल्या माझ्या पहिल्या सरावात त्या जिभा बघून मी घाबरलो आणि ब्रांच (होजच्या टोकाची तोटी) पूर्ण उघडून छतावर पाणी मारतच राहिलो. एक लिटर पाण्याची १०० अंशाला सुमारे १७०० लिटर वाफ होते. सगळी आमच्याच अंगावर उतरली, मागच्या जोडीदाराचे कान भाजले. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. थोडंथोडं, तुषार करून, मध्ये थांबून वरचा थर बघत मारायचं असतं.

तर दाराचं उत्तर. बसून राहा. दारावर वरपासून खालपर्यंत थोडं पाणी उडवा. जिथून ते चटकन सुकतं तिथवर आतला गरम थर उतरलाय. पाण्याने भरलेली होज हातात असल्याशिवाय कडीला हात नाही. जरासं उघडा, वरच्या धुरात छोटा फवारा, पुन्हा बंद, मग आत. आत गेल्यावरही एक जण दारापाशी ठेवा, त्याने दार होजपुरतंच उघडं धरायचं. आणि धुराच्या रंगावर फार विसंबू नका, त्याचा वेग बघा. दारातून संथ निघणारा काळा धूर आणि दाबाने घुसळत, उसळत निघणारा धूर यांत दुसरा जास्त घातक, मग तो करडा का असेना.