अग्रिप्पाच्या नावापासून अग्रिप्पाच्या पाण्यापर्यंत

प्रश्न : ताई, एप्रिलमध्ये मी, माझे यजमान आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई लेकीकडे लिस्बनला निघालो आहोत. वाटेत रोमला सकाळी सातला उतरायचे आणि पुढचे विमान दुपारी साडेचारला. युरोपातल्या बहुतेक देशांत चालणारा शेंगेन व्हिसा आहे. ह्यांनी यादी केली आहे : कोलोसियम, व्हॅटिकन, त्रेव्ही कारंजे, स्पॅनिश पायऱ्या. सासूबाई म्हणतात, एवढ्यात काय बघून होणार, विमानतळावरच बसू. कोणाचे ऐकू?

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. विमानतळावर बसून राहण्याइतका वेळ कमी नाही आणि ती यादी उरकण्याइतका जास्तही नाही.

आधी हिशेब मांडू. सातला विमान टेकले तरी पासपोर्टची रांग, स्वच्छतागृह, सासूबाईंचे सावकाश चालणे धरून बाहेर यायला सव्वाआठ होतील. तुमची पासपोर्ट तपासणी रोमलाच होणार, कारण शेंगेनमध्ये तुम्ही तिथूनच शिरता. फ्युमिचिनो विमानतळावरून 'लिओनार्दो एक्सप्रेस' ही गाडी कुठेही न थांबता ३२ मिनिटांत तेर्मिनी या मुख्य स्थानकात आणते. म्हणजे सव्वानऊच्या सुमारास शहरात. परत विमानतळावर दोनपर्यंत पोचायचे, तर एकच्या पुढे शहरात रेंगाळायचे नाही. हातात राहिले पावणेचार तास. नऊ तासांची चैन कागदावरच असते. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल तर मोठ्या बॅगा परस्पर लिस्बनला जातात का, हे चेक-इन करतानाच विचारून घ्या.

आता यादी. व्हॅटिकनच्या संग्रहालयाला तीन तासही अपुरे पडतात, त्यामुळे ते गेले. कोलोसियमच्या आत जायला वेळ ठरवून घेतलेले तिकीट आणि तपासणीची रांग. विमानाला तासभर उशीर झाला तर तिकीट वाया, शिवाय सकाळभर जिवाला घोर. यजमानांना अगदीच राहवले नाही, तर तेर्मिनीहून मेट्रोने दुसरे स्थानक कोलोसेओ. बाहेर पडताच समोर उभे असते. पण त्यात तास जातो, आणि तो तास माझ्या मते दुसरीकडे जास्त मोलाचा आहे.

गेली बावीस वर्षे मी टूर लीडर म्हणून माणसे घेऊन रोमला जाते. थोडा वेळ असलेल्यांना मी एकच पट्टा दाखवते : पँथिऑन हे प्राचीन रोमन देऊळ मध्यभागी धरून दोन-अडीच किलोमीटरचा पायी फेरा. त्याचे पहिले टोक अग्रिप्पाच्या नावाशी आहे आणि शेवटचे त्याच्याच पाण्याशी. मार्कस अग्रिप्पा म्हणजे सम्राट ऑगस्टसचा सेनापती, मित्र आणि जावई. हा एक माणूस ध्यानात ठेवला की सकाळभर बघितलेले विस्कटत नाही.

तेर्मिनीच्या समोरच्या चौकातून ४० किंवा ६४ नंबरची बस घ्या आणि लार्गो आर्जेन्तिनाला उतरा. ६४ मध्ये खिसेकापू असतात, पर्स पोटाशी धरा. तिथून पाच मिनिटांवर मिनर्व्हा चौकात संगमरवरी हत्ती भेटेल, पाठीवर इजिप्तचा दगडी स्तंभ घेतलेला. शिल्पकार बेर्निनीच्या कल्पनेतला, १६६७ सालचा. लहानसाच आहे, पण सोंड अशी मागे वळवली आहे की सासूबाई हसतील. मागेच पँथिऑनची गोल भिंत दिसते. वळसा घालून पुढे या आणि कपाळपट्टीवरची मोठाली अक्षरे बघा. लॅटिनमध्ये लिहिले आहे : लुसियसचा मुलगा मार्कस अग्रिप्पा याने, तिसऱ्यांदा कॉन्सल (रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना, हे बांधले.

त्याने बांधलेले ते हे नव्हे. ते जळाले. आज उभे आहे ते इ. स. १२६ च्या सुमारास, सम्राट हेड्रियनच्या काळात पुरे झालेले. हेड्रियनने दर्शनी भागावर स्वतःचे नाव घातले नाही, दीडशे वर्षांपूर्वीच्या माणसाचे पुन्हा घातले. या एका गोष्टीसाठी मला हेड्रियनबद्दल फार आदर आहे.

पण एवढ्यात आत जाऊ नका. आधी चर्च, कारण रोमची पुष्कळ चर्चे दुपारी साडेबाराच्या सुमारास दारे लावतात आणि तीन-साडेतीनशिवाय उघडत नाहीत. हे मी फार हळहळून शिकले. दुसऱ्या खेपेला बारा जणांना घेऊन मी सान लुईजी देई फ्रांचेझी या चर्चच्या बंद दाराशी उभी होते. आमच्यात एक चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. आत चित्रकार काराव्हाज्जोची चित्रे आहेत, हे त्यांना माहीत होते. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त दाराच्या लाकडावर हात ठेवून क्षणभर थांबल्या. त्यांना ती चित्रे मी दाखवू शकले नाही, आणि तेव्हापासून हे चर्च माझ्या फेऱ्यात सगळ्यांच्या आधी येते.

आत गेल्यावर डाव्या हाताच्या शेवटच्या कोनाड्यात जा. ख्रिस्ताचा शिष्य संत मॅथ्यू याची काराव्हाज्जोने काढलेली तीन मोठी चित्रे आहेत, १६०० च्या आसपासची. दिव्यासाठी पेटीत नाणे टाकावे लागते, म्हणून एक-एक युरोची सुटी नाणी हाताशी ठेवा. डावीकडचे चित्र बघा. करवसुली करणारे लोक टेबलाशी पैसे मोजत बसले आहेत, उजवीकडून ख्रिस्त आत आला आहे आणि त्यांच्यातल्या मॅथ्यूला बोलवायला त्याने हात पुढे केला आहे. त्याच्या डोक्यावरून उजेडाची तिरीप येते. पैसे मोजणाऱ्यांपैकी एक जण मानही वर करत नाही. तिथे दहा मिनिटे थांबा. दिवा विझला तर दुसरे नाणे टाका, संकोच करू नका. जवळच्याच सान्त आगोस्तीनो चर्चमध्ये काराव्हाज्जोचेच आणखी एक चित्र आहे. त्यात मेरीपुढे गुडघे टेकलेल्या दोन यात्रेकरूंपैकी पुरुषाचे मळके तळपाय थेट आपल्याकडे आहेत. वारीत चालून आलेल्या माणसांचे पाय ज्याने पाहिले आहेत, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागत नाही. सासूबाईंना नक्की दाखवा.

दोन मिनिटांवर पिआत्सा नाव्होना. हा चौक लांबोडका का, तर तो डोमिशियन सम्राटाचे धावण्याचे मैदान होता. आजूबाजूची घरे प्रेक्षकांच्या पायऱ्यांच्या जागी उठली आहेत. मधोमध बेर्निनीचे १६५१ चे चार नद्यांचे कारंजे. डॅन्यूब, नाईल, दक्षिण अमेरिकेतली रिओ दे ला प्लाता आणि आपली गंगा! मात्र गंगामाई शोधाल तर सापडणार नाही. रोमन परंपरेत नद्यांचे देव पुरुषरूपात दाखवतात, म्हणून इथे ती हातात लांब वल्हे घेतलेला दाढीवाला पुरुष झाली आहे. वल्हे कशाला? तिच्यातून नावा चालतात म्हणून. नाईलने तोंडावर कापड ओढले आहे, कारण तिचा उगम तेव्हा युरोपाला ठाऊक नव्हता. चौकातल्या कॅफेत बसू नका, महाग पडेल. सासूबाईंना दगडी बाकावर टेकू द्या.

साडेअकराला पँथिऑनला परत. २०२३ पासून आत जायला तिकीट आहे, ते आधी ऑनलाइन काढा. आणि इथे अर्धा तास द्या, घड्याळ लावून.

घुमटाचा व्यास ४३.३ मीटर आणि जमिनीपासून वरच्या छिद्रापर्यंतची उंचीही तेवढीच, म्हणजे आत एक अख्खा गोल बरोबर मावेल. सळई नसलेल्या काँक्रीटचा याच्याएवढा घुमट जगात दुसरा नाही. एकदा माझ्याबरोबर एक निवृत्त बांधकाम कंत्राटदार होते. आयुष्यभर स्लॅब ओतलेला माणूस. बाकीचे फोटो काढत होते, हे मान वर करून उभे. मी सांगितले, की पायाशी जड दगडाची खडी आहे आणि वर जाताना खडी हलकी होत गेली आहे, अगदी वरच्या भागात तर ज्वालामुखीचा सच्छिद्र प्युमिस दगड घातला आहे. शिवाय घुमटही वर पातळ होत जातो. त्यांनी मान डोलावली. बऱ्याच वेळाने म्हणाले, "सेंटरिंग काढायच्या आदल्या रात्री या लोकांना झोप लागली असेल का हो?" सेंटरिंग म्हणजे काँक्रीट घट्ट होईपर्यंत खालून दिलेला आधार. त्यानंतर आत गेले की मी वर बघते आणि आधी ती रात्र आठवते.

वरचे छिद्र आठ-नऊ मीटर रुंद आणि सताड उघडे. त्यातून येणारी उन्हाची तबकडी भिंतीवरून सरकत असते. एका चौकटीवर नजर रोखलीत तर पाच मिनिटांत ती हललेली कळते. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सूर्य माथ्यावर असताना, ती थेट दारात पडते. उन्हाळी वेळेमुळे घड्याळात तेव्हा एक वाजून गेलेला असतो, त्यामुळे तुम्हाला ते दिसायचे नाही. पण तबकडी दाराकडे निघालेली दिसेल. पाऊस असेल तर आत पाऊस पडतो. फरशी मधे किंचित फुगीर आहे आणि तिला २२ भोके आहेत, पाणी त्यांतून जाते. इमारत टिकली ती ६०९ साली तिचे चर्च झाले म्हणून. चित्रकार राफाएल इथेच पुरलेला आहे.

मग पाच-सात मिनिटांवर सान्त इन्याझिओ. छतासमोर आरसा ठेवलेला असतो आणि फोटोसाठी रांग लागते. तिकडे जाऊ नका. जमिनीवरच्या संगमरवरी चकतीवर उभे राहून थेट वर बघा. पुढे घुमट दिसतो तो घुमट नाही, सपाट कापडावरचे चित्र आहे, आंद्रेआ पोत्सोने १६८५ मध्ये रंगवलेले. चकतीवरून दहा पावले पुढे गेलात की ते वाकडे होते.

शेवटी त्रेव्ही. हे कारंजे १७६२ मध्ये पुरे झाले, पण त्यातले पाणी त्याहून फार जुन्या वाटेचे आहे. इ. स. पूर्व १९ मध्ये अग्रिप्पाने पँथिऑनशेजारच्या आपल्या स्नानगृहांसाठी वीसेक किलोमीटरवरून, बहुतांश भुयारातून, पाणी आणले. तहानलेल्या सैनिकांना एका मुलीने झरा दाखवला अशी कथा आहे, म्हणून त्याचे नाव 'आक्वा व्हिर्गो', कुमारिकेचे पाणी. कारंज्याच्या वरच्या भागात दोन शिल्पपट्ट आहेत : एकात ती मुलगी, दुसऱ्यात अग्रिप्पा. गर्दी नाणी फेकण्यात गुंतलेली असते. तुम्ही वर बघा आणि सकाळी वाचलेले नाव आठवा. नाणे मात्र जरूर टाका, ते पैसे गोरगरिबांसाठी जातात.

तिथून बारबेरिनी मेट्रो सहा-सात मिनिटांवर, आणि तेर्मिनी तिथून दुसरे स्थानक. स्पॅनिश पायऱ्या सोडून द्या. तिथे बसायलाही बंदी आहे आणि सासूबाईंना १३५ पायऱ्यांचा काय उपयोग? रस्ते काळ्या दगडी ठोकळ्यांचे आहेत, म्हणून त्यांना बूटच घाला, चप्पल नको. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात.

प्रश्न : आम्हाला रोममध्ये पाच तास आहेत, पण बरोबर नऊ वर्षांचा मुलगा आहे. दुसऱ्या चर्चमध्येच तो कंटाळेल.

उत्तर : मग चर्च एकच, सान्त इन्याझिओ. खोटा घुमट मुलांना मोठ्यांपेक्षा जास्त आवडतो. सुरुवात लार्गो आर्जेन्तिनाला करा. रस्त्याच्या पातळीखाली चार देवळांचे अवशेष आहेत, त्यांतून मांजरे हिंडतात, आणि तिथल्याच सभागृहात इ. स. पूर्व ४४ च्या १५ मार्चला ज्युलियस सीझरला भोसकले. मांजरे आणि खून एकाच ठिकाणी. मुलगा हलणार नाही. पुढे त्याला दोन कामे द्या. एक, गटारांच्या झाकणांवरची 'एस पी क्यू आर' ही अक्षरे मोजणे. ती 'रोमची सिनेट आणि जनता' याची आद्याक्षरे आहेत. दुसरे, 'नाझोने' शोधणे. नाझोने म्हणजे मोठे नाक. रस्तोरस्ती ओतीव लोखंडाचे बुटके नळ आहेत, अखंड वाहणारे, पाणी गार आणि पिण्याचे. तोटीचे तोंड बोटाने दाबले की वरच्या बारीक भोकातून धार उडते आणि भांडे नसताना पिता येते. मुलाला हे आधी सांगू नका, कोणी रोमकर पिताना दिसेपर्यंत थांबा. सुके कपडे बरोबर ठेवा.

प्रश्न : मी एकटा आहे. संध्याकाळी आठला रोममध्ये पोचेन आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराचे विमान. पँथिऑन तर बंद असणार. मग बाहेर पडण्यात अर्थ आहे का?

उत्तर : फार आहे. रात्री पिआत्सा नाव्होनाला जा, गंगा दिव्यांत बघा, मग पँथिऑनच्या बंद दारासमोरच्या कारंज्याच्या पायऱ्यांवर थोडे टेका. अग्रिप्पाचे नाव रात्रीही वाचता येते. लवकर झोपा, पाचचा गजर लावा. सहाच्या आत त्रेव्हीला पोचलात तर तुमच्याखेरीज चार-सहा जण असतील. दिवसा तिथे माणसांचा कोलाहल ऐकू येतो, पहाटे पाणी ऐकू येते, गल्लीत शिरण्याआधीच. सातपर्यंत थांबा, कोपऱ्यावरच्या कॉफी बारमध्ये उभ्यानेच कॉफी घ्या (टेबलाशी बसलात तर जास्त पैसे पडतात), आणि आठच्या आत विमानतळाची गाडी पकडा.