बातम्यांमध्ये दिसणाऱ्या गरिबी, भूकंप आणि हिंसाचारापलीकडे हैतीचे जीवन व संस्कृती कशी आहे?

हैती समजून घ्यायचे असेल, तर १ जानेवारीच्या सकाळी तेथील घराघरांत शिजणाऱ्या सूप जुमूपासून सुरुवात करावी. गुलामगिरीच्या काळात लाल भोपळ्याचे हे सूप गुलामांनी रांधायचे आणि फ्रेंच मालकांनी खायचे, असा रिवाज होता. म्हणून १८०४ मध्ये याच गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवल्यापासून ते दरवर्षी स्वातंत्र्यदिनी आवर्जून केले जाते आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही वाढले जाते. २०२१ मध्ये युनेस्कोने त्याचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

खेड्यांत कोन्बित नावाची, आपल्या इर्जिकेसारखी पद्धत आहे: पेरणी-कापणीला शेजारी एकमेकांच्या शेतात ढोलाच्या आणि गाण्यांच्या साथीने राबतात व ज्याचे शेत तो सर्वांना जेवू घालतो.

व्होडूविषयी मात्र चित्रपटांनी फार अन्याय केला आहे. टाचण्या टोचलेल्या बाहुल्यांशी त्याचे नाव जोडले गेले असले, तरी प्रत्यक्षात तो आफ्रिकेतून आलेल्या श्रद्धांमधून घडलेला, पूर्वजांचा आदर करणारा धर्म असून अनेक जण तो कॅथलिक उपासनेबरोबरच पाळतात.

कलेची समृद्धी तर थक्क करणारी आहे. क्रुआ-दे-बुके येथे लोहार जॉर्ज लिओतो यांच्यापासून सुरू झालेल्या परंपरेत कारागीर तेलाची जुनी पिंपे कापून, ठोकून जलपऱ्या आणि वृक्ष घडवत आले आहेत. या गावालाही टोळ्यांच्या हिंसाचाराची झळ बसली आहे, हे दुर्दैवाने खरे आहे. परंतु त्याची ओळख तेवढीच ठेवणे मला अन्यायकारक वाटते.