बेलम गुहेत पहिल्यांदा जातोयस तर
चुनखडीची गुहा बघायचीच असेल तर आंध्रातल्या बेलमला जा, 3 किलोमीटरच्या वर लांब आहे, त्यातली साधारण अर्धीच पर्यटकांना खुलीय. वेरूळसारखी कोरलेली नाही हं, पाण्यानं खडक विरघळवून केलीय. आत रंगीत लाइट आहेत म्हणून स्वतःचा पांढरा टॉर्च ने, आणि समोरून नको, बाजूनं तिरका मार, मग कॅल्साइटचे (चुनखडी ज्या खनिजाची असते ना, त्याचे) स्फटिक काय चमकतात! छताला लोंबणाऱ्या टोकावर थेंब दिसला तर थांबच तिथे, त्या पाण्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत गेला की कॅल्साइटचा पातळ थर मागे राहतो, असंच थराथरानं वाढतं ते. हात अजिबात लावू नकोस प्लीज, बोटांचं तेल बसलं की वाढ खुंटते. आत जाम दमट उकडतं, पाण्याची बाटली ठेव.