गोव्याहून दुबईला विमानाने किती वेळ लागतो? आई पहिल्यांदाच एकटी जाणार आहे, डिचोलीहून

सरळ रेषेत अंतर साधारण 2,200 किलोमीटर. थेट विमान असेल तर सव्वातीन तासांच्या आसपास. येताना थोडा कमी वेळ लागतो, विशेषतः थंडीत, कारण वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात.

घड्याळाचं मात्र आईंना आधीच समजावून सांगा. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. इथून सकाळी 10 ला उडालेलं विमान तिथल्या पावणेबाराच्या सुमारास उतरतं. परतताना हाच दीड तास वाढतो, तेव्हा तिकिटावरच्या वेळा बघून प्रवासाचे तास मोजू नका.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, तिकिटावर विमानतळ कुठला आहे ते नीट बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. 2023 च्या जानेवारीपासून मोपाहूनही विमानं सुटतात, आणि दोन्हींमध्ये रस्त्याने साठेक किलोमीटर अंतर आहे. चुकीच्या ठिकाणी पोचलात तर विमान हमखास चुकेल. डिचोलीहून मोपा जवळ पडतं, पण जायचं तिकिटावर असेल तिथेच! तीन तास आधी पोचा. पहिलाच प्रवास आहे, इमिग्रेशनच्या रांगेत आईंची धावपळ व्हायला नको.