चिन्ह ठरले नाही, तरी उत्तर ठरते

प्रश्न : मी जीमॅट या व्यवस्थापन अभ्यासक्रमांच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत आहे. डेटा सफिशियन्सीच्या, म्हणजे दिलेली विधाने उत्तर काढायला पुरेशी आहेत का हे ठरवायच्या, एका सरावप्रश्नात ◇ हे चिन्ह बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांपैकी कोणत्या तरी एका क्रियेसाठी वापरले असून ४ ◇ २ ची किंमत किती, असे विचारले आहे. पहिले विधान : ६ ◇ ३ आणि ३ ◇ ६ यांची उत्तरे सारखी नाहीत. दुसरे विधान : ७ ◇ ० = ७. पहिल्या विधानावरून क्रिया निश्चित होत नाही, म्हणून मी दोन्ही विधाने एकत्र घेतली आणि ‘दोन्ही मिळून पुरेशी’ हा पर्याय निवडला. उत्तरसूचीत मात्र ‘केवळ पहिले विधान पुरेसे’ असे छापले आहे. उत्तरसूची चुकली आहे का?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : उत्तरसूची बरोबर आहे. तुम्ही पत्रासोबत कच्च्या कामाचे पान पाठवले, हे फार चांगले केले. कारण चूक नेमकी कोठे झाली ते त्यावर स्वच्छ दिसते. पहिल्या विधानाखाली तुम्ही ‘वजाबाकी किंवा भागाकार’ असे अचूक लिहिले आहे, कारण बेरीज आणि गुणाकार यांत संख्यांची अदलाबदल केली तरी उत्तर बदलत नाही. पण त्यापुढे प्रश्नचिन्ह काढून तुम्ही थेट दुसऱ्या विधानाकडे वळलात. तेथेच एक ओळ आणखी लिहायला हवी होती : ४ − २ = २ आणि ४ ÷ २ = २. चिन्ह कोणते ते अजूनही ठाऊक नाही, परंतु विचारलेली किंमत दोन्ही शक्यतांत एकच येते. आणि प्रश्न किमतीविषयी आहे, चिन्हाविषयी नाही. म्हणून पहिले विधान एकटेच पुरेसे ठरते.

दुसऱ्या विधानाचे पाहू. शून्याने भागण्याला अर्थच नसल्यामुळे भागाकार बाद होतो, ७ × ० = ० असल्यामुळे गुणाकारही बाद होतो, आणि बेरीज व वजाबाकी या दोनच क्रिया उरतात. त्यांतून ४ ◇ २ ची किंमत ६ किंवा २ अशी दोन प्रकारे येते. हे विधान एकट्याने अपुरे आहे.

तुम्ही निवडलेला पर्याय मोहात पाडणारा आहे, कारण दोन्ही विधाने एकत्र केली की वजाबाकी खरोखरच निश्चित होते आणि कोडे पूर्ण सुटल्याचे समाधान मिळते. मात्र ‘दोन्ही मिळून पुरेशी’ हा पर्याय एकेकटे कोणतेही विधान पुरत नसेल तेव्हाच लागू होतो, ही अट विसरू नये.

माझा आग्रह असा, की विधाने वाचण्यापूर्वीच समासात चार किमती मांडून ठेवाव्यात. येथे त्या क्रमाने ६, २, ८ आणि २ अशा येतात. दोनदा आलेला २ डोळ्यांसमोर असता, तर वजाबाकी की भागाकार हा घोळ तुम्ही घातलाच नसता. नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या जीमॅटच्या नव्या स्वरूपात डेटा सफिशियन्सीचे प्रश्न ‘डेटा इनसाइट्स’ या विभागात येतात आणि तेथे २० प्रश्नांना ४५ मिनिटे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी सव्वादोन मिनिटे. चार किमती मांडायला त्यातली दहा-पंधरा सेकंदे गेली तरी ती वाया जात नाहीत.

प्रश्न : ६ ◇ २ ची किंमत विचारली आहे. पहिले विधान : २ ◇ २ = ४. दुसरे विधान : ० ◇ ५ = ०. शून्य उत्तर आले म्हणजे गुणाकारच, म्हणून दुसरे विधान एकटे पुरेसे आहे असे मला वाटते. माझे बरोबर आहे का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. शून्य दिसले की गुणाकार आठवतो, पण शून्याला पाचाने भागले तरी शून्यच येते. शून्य भाजक असताना भागाकार होत नाही. भाज्य असताना तो बिनदिक्कत होतो. त्यामुळे दुसऱ्या विधानानंतर ६ ◇ २ ची किंमत १२ किंवा ३ राहते. पहिल्या विधानात २ + २ आणि २ × २ दोन्ही ४ होतात, म्हणून तेथे ८ किंवा १२. दोन्ही विधानांना एकाच वेळी चालणारी क्रिया गुणाकार ही एकच आहे. तेव्हा किंमत १२, आणि दोन्ही विधाने मिळूनच पुरेशी.

दुसरे विधान तपासताना पहिल्या विधानातून उरलेल्या क्रिया मनातून पूर्ण काढून टाकाव्यात आणि पुन्हा चारही क्रियांपासून सुरुवात करावी. या परीक्षेत दिलेली दोन विधाने एकमेकांच्या विरुद्ध जात नाहीत. तेव्हा ती एकत्र केल्यावर एकही क्रिया उरत नसेल, तर आधी कोठे तरी एखादी क्रिया घाईने बाद झाली आहे असे समजून मागे जावे. बहुतेक वेळा ती शून्यापाशीच सापडते.